मोरपिसांचे पाहुणे

वेशीपाशी आलं की पथक थांबतं. ढोल वाजतच असतात, पेपरीचा सूर अंधारात चढत जातो, पण पाऊल पुढं पडत नाही. गाव ओळखीचं आहे, कदाचित आत्याचं किंवा मामाचंच आहे, तरी बोलावल्याशिवाय आत जायचं नाही. मग गावातून यजमानांची मंडळी निघतात, तीही आपली वाद्यं घेऊन. दोन ताल समोरासमोर येतात, थोडा वेळ एकमेकांत अडखळतात आणि हळूहळू एक होतात. राम राम होतो, गळाभेटी होतात. बायका तांब्या घेऊन पुढं येतात, पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालतात, ओवाळतात. त्यानंतर दंडारी गावात शिरते.

हे दिवाळीतलं चित्र आहे तेलंगणातल्या आदिलाबाद आणि कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यांतलं, आणि सीमेच्या अलीकडं किनवट, जिवती, राजुरा भागातलंही. राजगोंडांचा आणि कोलामांचा हा मुलूख. झाडीपट्टीत ‘दंडार’ नावाचा नाट्यप्रकार आहे, त्याच्याशी नावसाधर्म्यामुळं गल्लत होते. इथली दंडारी म्हणजे गावातल्या पोरासोरांचं, जाणत्यांचं, वाजवणाऱ्यांचं वीस-चाळीस जणांचं पथक. ते दिवाळीच्या दिवसांत दुसऱ्या गावाला जातं, रात्रभर नाचतं, तिथंच जेवतं, तिथंच झोपतं. नाचाचं वर्णन बऱ्याच जणांनी केलंय, फोटो तर उदंड आहेत. माझं लक्ष मात्र नेहमी जेवणाकडं जातं. वीस-चाळीस पाहुण्यांना एक-दोन दिवस सांभाळायचं म्हणजे छोट्या गावाच्या कणगीला चांगलीच कात्री लागते. तरीही पथक आलं नाही तर गाव खट्टू होतं. ते का, हे समजून घेतलं की दंडारी बरीचशी समजते.

आधी गुसाडी पाहून घेऊ, कारण डोळे तिथंच खिळतात. आपल्याकडं कुणी घुसाडी म्हणतात. पथकात दोन, चार, कधी जास्त गुसाडी असतात. डोक्यावर शेकडो मोरपिसांचा टोप, इतका रुंद की दारातून आत शिरताना वाकून, मान तिरपी करून यावं लागतं. टोपाला पुढं बकऱ्याची किंवा हरणाची शिंगं. अंगाला राख, तिच्यावर बोटांनी ओढलेले पट्टे. तोंडावर जनावराच्या केसांच्या खोट्या दाढीमिशा, गळ्यात माळांचे जुडगे, खांद्यावरून लोंबणारं कातडं, कमरेला आणि पायांत घुंगरं. हातात एक सोटा, त्याला गंगाराम सोटा म्हणतात. अवतार भीतिदायक आणि वागणं मात्र विदूषकाचं. गुसाडी कुणाच्याही अंगावर धावून जाईल, म्हाताऱ्याची थट्टा करेल, जेवणाऱ्याच्या पानासमोर जाऊन बसेल. पोरं किंचाळत पळतात आणि पुन्हा जवळ येतात.

पण हा विदूषक देव आहे. एकदा टोप चढला की त्या माणसात देवाचा वास असतो असं मानतात. सण संपेपर्यंत तो अंघोळ करत नाही, राख धुऊन टाकत नाही. त्याच्या बरोबरीला असतात पोरीक, म्हणजे बायकांच्या वेशातली तरणी पोरं. राखेचा देव आणि लुगड्यातला पोरगा एकाच फेरात नाचतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

मोरपिसांबद्दल नेहमी विचारलं जातं म्हणून एवढंच सांगतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मोराला पूर्ण संरक्षण आहे, मात्र आपोआप गळलेली पिसं जवळ बाळगायला देशात मुभा आहे. टोप दरवर्षी नवा होत नाही. तो पिढ्यान्पिढ्या जपला जातो, झिजलेली पिसं काढून नवी खोवली जातात. घरात इतर काही नसलं तरी टोप उंदरांपासून वाचवून आढ्याला टांगलेला सापडतो.

दंडारीचा आरंभ आश्विन पौर्णिमेच्या सुमारास होतो, आपली कोजागिरी असते तेव्हा. वाद्यं बाहेर काढून त्यांची पूजा होते, एत्मासूर देवाला मान दिला जातो आणि मगच ढोलावर पहिली थाप पडते. याच पौर्णिमेला आसिफाबादच्या डोंगरात जोडेघाटला आणखी एक मोठा मेळा असतो. निजामाच्या जंगलखात्याविरुद्ध लढलेला कोमरम भीम १९४० साली तिथं मारला गेला आणि त्याची पुण्यतिथी आश्विन पौर्णिमेलाच पाळतात. म्हणजे एकाच चांदण्यात एकीकडं शोक आणि दुसरीकडं नाचाची तयारी. तिथल्या लोकांना यात विसंगती वाटत नाही, बाहेरून जाणाऱ्यालाच वाटते.

आता त्या जेवणाकडं येऊ. गोंड समाजाची रचना देवांच्या संख्येवर उभी आहे. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट, प्रत्येक गटात अनेक कुळं. गोंडीत या गटाला ‘सगा’ म्हणतात. कथा अशी की आदिपुरुष पहांदी कुपार लिंगोनं गुहेत कोंडलेल्या गोंडांना बाहेर काढलं आणि त्यांना या गटांत वाटून दिलं. एकाच सगातल्यांनी आपसांत लग्न करायचं नाही, ते भाऊबंद. सून आणायची तर दुसऱ्या सगातून. मराठीत सगा म्हणजे रक्ताचा आणि सोयरा म्हणजे लग्नाचा. गोंडीभाषक माणूस मात्र ‘सगा’ हा एकच शब्द कधी आपल्या गटासाठी, कधी नात्यातल्या पाहुण्यासाठी वापरतो. विदर्भात गोंड मंडळी स्वतःला ‘सगा समाज’ म्हणवतात तेव्हा हा सगळा पसारा त्या दोन शब्दांत असतो.

या रचनेचा रोखठोक परिणाम असा की कोणतंही गाव आपल्यापुरतं पुरेसं नसतं. वस्ती लहान, बहुतेक घरं एका-दोन कुळांची, मग मुलीला स्थळ बघायचं तर डोंगर ओलांडून दुसऱ्या गावाशी येणंजाणं ठेवावंच लागतं. खरीप हाती येत असतो, पाऊस थांबलेला असतो, वाटा मोकळ्या झालेल्या असतात. या दिवसांत दंडारी निघते. पथकातली पोरं रात्रभर नाचतात आणि यजमान गावातल्या पोरी, त्यांच्या आया, आज्या रात्रभर बघतात. कोण चांगला नाचतो हे बघतातच, पण कोण कुणाशी कसा बोलतो, जेवताना आधी म्हाताऱ्यांना वाढू देतो की नाही, पिऊन तोल जातो का, हेही बघतात. आपल्याकडं कांदेपोह्यांच्या अर्ध्या तासात जे उरकायचा प्रयत्न होतो, त्याला इथं दोन दिवस आणि एक अख्खी रात्र मिळते. यांची पद्धत मला जास्त शहाणपणाची वाटते.

आणि हे एकतर्फी नसतं. यंदा आपण त्यांच्याकडं गेलो, तर कधीतरी त्यांनी आपल्याकडं यायचं. पाहुणचाराचं हे उसनं कुठं लिहून ठेवलेलं नसतं, पण गावाचा पटला, म्हणजे आपला पाटील, आणि पूजा करणारा देवारी यांना ते तोंडपाठ असतं. उसनं फिटलं की नातं संपलं असं इथं होत नाही. फेड करताना थोडं जास्तच करायचं असतं, म्हणजे पुन्हा समोरच्यावर काहीतरी राहतं. कुठल्या वर्षी काही कुरबूर झाली असेल, बैलावरून, बांधावरून, मोडलेल्या लग्नावरून, तर दंडारीला बोलावणं हा समेटाचा सोपा मार्ग ठरतो. समोरासमोर बसून माफी मागायला जड जातं, वेशीवर ढोल वाजवत उभं राहणं त्यामानानं सोपं.

या सगळ्याची पहिली तपशीलवार नोंद एका परक्या माणसानं केली, आणि तीही जरा विचित्र योगायोगानं. क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो भारतात होता आणि कागदोपत्री शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. निजामाच्या राज्यात त्याला राहण्याची आणि काम करण्याची मुभा मिळाली. कोमरम भीमचा उठाव मोडून काढल्यावर सरकारला, गोंड इतके का चिडले होते हे जाणून घ्यायचं होतं, आणि हायमेनडॉर्फ आपली पत्नी बेटी एलिझाबेथसह मारलावाई गावात झोपडी बांधून राहिला. १९४८ साली त्याचा राजगोंडांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बेटी १९८७ साली वारली, तिची समाधी मारलावाईतच आहे आणि दर जानेवारीत गाव तिची पुण्यतिथी पाळतं.

मराठी वाचकासाठी यात एक धागा आहे. १९४३ साली मारलावाईत गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघालं आणि मुलांसाठी गोंडी भाषेतली पुस्तकं तयार झाली ती देवनागरी लिपीत, तेलुगूत किंवा उर्दूत नाही. तो मुलूख तेव्हा मराठी बोलीच्या ओलाव्यातला होता. आजची राज्यसीमा तर १९५६ची. त्याआधी किनवट आणि राजुरा हे आदिलाबाद जिल्ह्याचेच तालुके. राज्यपुनर्रचनेत किनवट नांदेडला गेला, राजुराही आधी नांदेडला आणि मग १९५९ला चांदा जिल्ह्यात आला. जिवती तालुक्यातल्या चौदा गावांवर तर आजही दोन्ही राज्यं हक्क सांगतात. तिथं दोन-दोन ग्रामपंचायती, दोन भाषांच्या शाळा असा प्रकार आहे. सीमा आखणाऱ्यांच्या नकाशात सगा नव्हते. त्यामुळं दंडारी कधी तेलंगणातून महाराष्ट्रात येते, कधी इकडून तिकडं जाते, आणि तिला आपण आंतरराज्य दौऱ्यावर आहोत याचा पत्ता नसतो.

मराठीचा दुसरा धागा आहे परधानांचा. परधान हे गोंडांचे भाट. प्रत्येक परधान घराण्याचे ठरलेले गोंड यजमान असतात. त्यांच्या कुळाच्या उत्पत्तीच्या कथा, देवांचे प्रवास, जुनी भांडणं, हे सगळं परधान किकरी वाजवत गातो. किकरी म्हणजे तीन तारांचं, घोड्याच्या केसांच्या गजानं वाजवायचं वाद्य. आवाज सारंगीच्या जवळचा, पण जरा खरखरीत, घसा बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. गंमत अशी की आदिलाबादच्या परधानांच्या घरात बोलली जाते मराठी, आणि ते गातात गोंडीत. ज्या समाजाचा इतिहास त्यांनी पाठ करून जपला, त्याची भाषा ही त्यांची घरची भाषा नाही. इतकं करूनही जुन्या रीतीत परधानाचा मान गोंडापेक्षा खालचा होता, त्याच्या हातचं गोंड खात नसत. हे सांगायला हवं. पंगत माणसं जोडते, तशीच कुणी कुठं बसायचं हेही ठरवते. याउलट कोलाम संख्येनं थोडे आणि गरीब, पण रानातल्या देवांचे पुजारी म्हणून गोंड त्यांनाच बोलावतात, कित्येकदा ‘पुजारी’ याच नावानं त्यांना ओळखतात.

दंडारी गावागावांना जोडते, तर केस्लापूरची नागोबा जत्रा एका अख्ख्या कुळाला. पुष्य, म्हणजे पौष अमावास्येला आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्लीजवळ केस्लापूरला मेस्राम कुळाचे गोंड जमतात. विदर्भातल्या वाचकाला हे आडनाव ओळखीचं वाटेल. मेस्राम येतात ते महाराष्ट्रातून, छत्तीसगडातून, मध्य प्रदेशातूनही. त्याआधी त्यांची एक मोठी तुकडी दिवसचे दिवस अनवाणी चालत गोदावरीच्या हस्तिनमडुगू डोहावर जाते आणि नागोबाच्या अभिषेकासाठी पाणी आणते. पूजेची मडकी सिरिकोंडा गावच्या कुंभाराकडून घ्यायची असा रिवाज आहे.

केस्लापुरात मला सगळ्यात विचार करण्याजोग्या वाटतात त्या चुली. जमलेल्या सगळ्या मेस्रामांचा स्वयंपाक बावीस चुलींवर होतो. कुळाच्या बावीस शाखा, प्रत्येकीची एक चूल, बाकी कुणी कुठंही चूल मांडायची नाही. हजारो माणसं, चुली बावीसच. त्यामुळं प्रत्येकाला आपली शाखा कोणती हे माहीत असावंच लागतं, नाहीतर जेवायला कुठं बसणार? वंशावळ पुस्तकात लिहून ठेवली की ती विसरायला होते, तीच जेवणाशी बांधली की विसरता येत नाही. तसंच वारुळाचं. नागोबासाठी मातीचं वारूळ रचायचं काम कुळातल्या पुरुषांचं नाही, ते लेकी-जावयांचं. लग्न होऊन बाहेर गेलेली लेक आणि परक्या कुळातला जावई यांच्या हाताशिवाय देवाचं घर उभं राहत नाही. आणि नव्या सुनांची देवाशी ओळख करून देतात त्या विधीला म्हणतात ‘भेटिंग’. पांढऱ्या साडीत, तोंडावर पदर घेऊन रांगेनं येणाऱ्या सुना, आणि प्रत्येकीबरोबर ती कुणाची कोण हे सांगणारं घरचं माणूस.

हायमेनडॉर्फला ही गर्दी पाहून एक गोष्ट सुचली, आणि ती त्याच्या ग्रंथांपेक्षाही टिकाऊ निघाली. एवढा समाज इथं आपणहून जमतोच, तर अधिकाऱ्यांनीच इथं यावं. १९४०च्या दशकात सुरू झालेला नागोबा दरबार आजही भरतो. जिल्हाधिकारी, मंत्री येऊन बसतात, लोक वनहक्क, रस्ते, पाणी, शाळा यांची गाऱ्हाणी मांडतात. किती सुटतात हा प्रश्न वेगळा, पुष्कळांना तो आता उपचार वाटतो. पण मांडणी बघण्यासारखी आहे. कार्यक्रम ठेवून त्यात लोकांना बोलावलेलं नाही, लोकांच्या कार्यक्रमात सरकारनं पाहुणा म्हणून यायचं आहे.

याच इंद्रवेल्लीत २० एप्रिल १९८१ला जमिनीच्या प्रश्नावर सभेला जमणाऱ्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृत्यूंचा, लोक त्याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. स्मारकाचा स्तंभ उभा आहे आणि पुढं अनेक वर्षं त्या तारखेला तिथं जमायलाच बंदी असे. केस्लापूर तिथून फार दूर नाही. नाचायला, पूजेला जमलेले आदिवासी आणि हक्क मागायला जमलेले तेच आदिवासी, यांच्याकडं बघायची सरकारची नजर किती वेगळी असते हे पाहायला दुसरीकडं जावं लागत नाही.

अलीकडं गुसाडीला मंचावर मानाचं स्थान मिळालंय. मारलावाईचे कनका राजू यांनी ही कला आयुष्यभर शिकवली, २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये, दंडारीच्याच दिवसांत, ते गेले. तेलंगण सरकार दिवाळीत पथकांना रोख मदतही देतं. हे चांगलंच आहे, टोप आणि ढोल राखायला पैसे लागतातच. माझी तक्रार दुसरी आहे. महोत्सवात गुसाडी दहा मिनिटं नाचतात, टाळ्या घेतात आणि बसमधून परत जातात. वेशीवर थांबणं नाही, पाय धुणं नाही, कुणाचं जेवण अंगावर घेणं नाही. मग निवडणुकीच्या सभेत, पुढाऱ्याच्या स्वागताच्या रांगेत, मे महिन्याच्या उन्हात टोप चढवून त्यांना उभं केलं जातं. समाजातली जाणती माणसं यावर चिडतात आणि त्यांचं बरोबर आहे. देव दिवाळीपुरता अंगात येतो अशी श्रद्धा असताना त्याला बारा महिने वेठीला धरायचं म्हणजे काय? ‘लोककलेतून समाज जोडा’ अशी योजना आखणारे बहुधा नाच उचलतात आणि पाहुणचार मागं ठेवतात.

आणि एक मान्य करायला हवं, की दंडारी सगळ्यांना जोडत नाही. आदिलाबादेत गोंड-कोलामांच्या शेजारी लंबाडा, म्हणजे आपले बंजारे राहतात. तेलंगण भागात त्यांना १९७६ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रात ते भटक्या-विमुक्तांत मोजले जातात, त्यामुळं सीमेपलीकडं जाऊन वसण्याचं कारण अनेकांना मिळालं. जमीन आणि नोकऱ्या यांवरून २०१७ साली दोन्ही समाजांत मोठा तणाव झाला. एकाच बाजारात जाणारी, एकाच बसमध्ये बसणारी ही माणसं, पण एकमेकांच्या सोयरिकीच्या हिशेबात कधीच नव्हती. ढोलाचा आवाज तांड्यापर्यंत जातो, बोलावणं जात नाही. लग्नाच्या नात्यावर उभा असलेला नाच तिथं तोकडा पडतो, आणि सरकारी योजनेनं तो रुंद होईल असं मला वाटत नाही.

दिवाळीच्या अमावास्येनंतर दंडारी उतरते. ‘कोलाबोडी’ म्हणतात त्याला. शेवटच्या दिवशी पथक गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली जमतं. बकरं, कोंबडं कापलं जातं, देवाला निवेदन होतं. गुसाडी एकेक करून टोप काढतात, सोटा खाली ठेवतात, दाढीमिशा सोडवतात. पंधरा दिवसांची राख धुतल्यावर खालून गावातलाच कुणीतरी निघतो, कापूस वेचायला उद्यापासून जायचं आहे असा. मटण शिजेपर्यंत म्हातारे झाडाच्या मुळांवर बसून बोलत असतात. यंदा कुणाकडं काय वाढलं, कुठल्या गावानं किती हौसेनं ठेवून घेतलं, कोणत्या पोरीची आई दोनदा आपल्या पोराचं नाव विचारत होती. आणि पलीकडच्या डोंगरातलं ते गाव, ज्यांची दंडारी तीन वर्षांपूर्वी आपल्याकडं आली होती आणि आपलं जाणं राहूनच गेलं, तिथं आता पुढच्या दिवाळीला जायलाच हवं.